दुबईआधी ओमान

बारामती,
कार्तिक वद्य पंचमी

चि. आप्पास अक्काचे आशीर्वाद.

सणसरच्या मंडळींबरोबर तुम्ही दोघं दुबईला निघालात, असं परवा सुनंदाने फोनवर सांगितलं. उंच इमारत, वाळूतली जीप, सोन्याचा बाजार आणि रोज रात्री भारतीय जेवण. जायचं तर जा, माझी ना नाही. पण पैसे अजून भरले नसशील तर आधी हे पत्र वाच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

माझं म्हणणं एवढंच, की अरबांचा मुलूख बघायचाच असेल तर ओमान बघ. मुंबईपुण्याच्या माणसाला तिथं डोंगर, किल्ले, समुद्र दिसतील आणि तो खूश होऊन परत येईल. पण ज्याने जन्मभर रात्री-अपरात्री पाण्याची दारं धरली, टेलला, शेवटच्या टोकाला, पाणी कधी पोचतंय म्हणून बॅटरी घेऊन चारीवर फेऱ्या घातल्या, त्याला तिथं जे दिसेल ते त्या शहरी माणसाला दिसायचं नाही. आपली मनीषा मस्कतला राहायला गेल्यापासून माझं जाणं होतं, आणि दर वेळी कुठल्या तरी पाटाच्या कडेला उभं राहिलं की वाटतं, इथं आप्पा पाहिजे होता.

त्या पाटाला ते फलज म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी, जिथं जमिनीखाली पाणी साठतं तिथं, एक खोल विहीर घ्यायची. ती मूळ विहीर. तिच्यापासून जमिनीखालून बोगदा काढत आणायचा, उतार अगदी बेताचा, असं करत करत कित्येक किलोमीटरवर गावापाशी पाणी उघड्यावर येतं. मधे मधे गाळ काढायला उतरता यावं म्हणून उभ्या विहिरी. मोटर नाही, इंजिन नाही, रात्री लाईट कधी येणार म्हणून जागत बसणं नाही. काही फलज ओढ्याच्या वाहत्या पाण्यावर किंवा झऱ्यावर बांधलेले असतात, तेही याच हिशेबाने चालतात. देशभरात असे सुमारे तीन हजार फलज आजही वाहते आहेत. त्यांतल्या पाचांना २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मानलं. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी हातांनी खणलेल्या बोगद्याला इतका अचूक उतार कसा दिला असेल, हे मी भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवूनही नुसती बघत राहिले.

पण खरी गंमत पुढे आहे. पाणी गावात शिरलं की सगळ्यांत वर पिण्याचं पाणी भरायची जागा. तिच्या वर कुणी हात बुडवायचा नाही. मग मशिदीचं पाणी, मग अंघोळीच्या बंदिस्त जागा, बायकांची वेगळी. त्यानंतर बागा. बागांतही क्रम आहे. आधी खजूर, कारण ते कायमचं झाड, एक उन्हाळा पाण्यावाचून गेला तर पिढीचं नुकसान. सगळ्यांत शेवटी हंगामी पिकांची रानं. पाऊस बरा झाला तर ती रानं पेरायची, नाही झाला तर पडीक ठेवायची. म्हणजे टेल कमीजास्त होणार हे त्यांनी रान आखतानाच गृहीत धरलंय. आपण टेलला ऊस लावतो आणि मग पाणी येत नाही म्हणून रस्त्यावर बसतो! रागावू नकोस. तुझा खोडवा मला माहीत आहे आणि मागच्या उन्हाळ्यात तो कसा वाळला तेही माहीत आहे.

पाण्याची पाळी ते वेळेवर मोजतात. एका पाळीला अथर म्हणतात, साधारण अर्ध्या तासाची. मोकळ्या जागेत एक काठी उभी, तिची सावली जमिनीवरच्या कुठल्या खुणेवर आली यावरून कुणाचं पाणी सुरू आणि कुणाचं बंद. रात्री ताऱ्यांवरून. आता बहुतेक ठिकाणी मनगटावरचं घड्याळच चालतं, पण सावलीच्या खुणा जपलेली गावंही आहेत. काही हिस्से गावाच्या मालकीचे असतात. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून फलजची डागडुजी चालते. हिशेब ठेवायला गावानेच नेमलेला माणूस. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसतो. एखाद्याकडे जमीन नसून पाणी असू शकतं, ते तो विकू शकतो, भाड्याने देऊ शकतो.

हे ऐकून तुला शेजारच्या पुरंदरातले विलासराव साळुंखे आठवले पाहिजेत. १९७२ च्या दुष्काळानंतर नायगावात त्यांनी पाणी पंचायत उभी केली तेव्हा नेमकं हेच मांडलं होतं: पाणी जमिनीच्या आकारावर नाही, माणशी द्यायचं, भूमिहीनालाही द्यायचं आणि त्यावर ऊस घ्यायचा नाही. खानदेशातली फड पद्धतही याच जातीची. तेव्हा आपल्याकडे अक्कल नव्हती असं मी म्हणत नाही. आपल्याकडे १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला, मग भाटघरचं धरण झालं, आणि एवढं पाणी एकदम दाराशी आल्यावर वाटणीचा विचार करायची गरज कुणाला भासली नाही. बागाईत भागातले आपण आणि सुप्या-मोरगावकडचे जिराईत भागातले आपलेच पाहुणे, तालुका एक असून दोन जगांत राहिलो.

ओमान म्हणजे रामराज्य, असं मात्र समजू नकोस. फलजशेजारी बोअर घेऊन पंप लावले आणि मूळ विहिरीच आटल्या, असं तिथंही झालंय. पिढ्यान्‌पिढ्या पाणी विकत घेत गेलेल्या घराण्यांकडे जास्त हिस्से साठलेले आहेतच. तरुण पोरं मस्कतला नोकरीला आणि रानात राबणारी माणसं बहुतेक बांगलादेशी नाहीतर आपल्याकडची. भर उन्हात खजुराच्या बुंध्यावर चढलेला माणूस खाली येऊन आपल्याशी हिंदीत बोलतो तेव्हा सहलीची मजा जरा उतरते. उतरू दे.

बघायचं कुठं, तर मस्कतहून निझवाच्या रस्त्याला लाग. निझवाजवळचा फलज दारिस हा मोठ्यांतला एक, पण मला जास्त आवडला तो बिरकत-अल-मौजचा फलज अल-खतमैन. तिथं एका ठिकाणी पाणी तीन पाटांत फुटतं आणि तिन्हींत सारखं. आपल्या चारीवर दोन फाट्यांत सारखं पाणी सोडायचं म्हटलं तर काय होतं ते मी तुला सांगायला नको. तिथून पुढे मिसफात-अल-अब्रियीन नावाचं डोंगराच्या कडेचं गाव आहे, मातीदगडाची जुनी घरं, खजुराची दाट सावली आणि पायरीपायरीच्या वावरांतून खळखळत जाणारा पाट. तिथल्या जुन्या घरांत राहायची सोय आहे. हॉटेल नको, तिथंच राहा.

निझवात शुक्रवारी सकाळी असशील असं बघ. तिथला बकऱ्यांचा बाजार तुला काष्टीच्या बाजाराच्या नेमका उलटा वाटेल. काष्टीला जनावर उभं असतं आणि गिऱ्हाईक फिरतं. तिथं गिऱ्हाईक गोल करून बसलेलं, मधून मालक बकरी घेऊन फेऱ्या मारतो आणि भाव मोठ्याने ओरडून सांगतो. रुमालाखाली बोटं दाबायचा प्रकार नाही, सगळं उघड. शेजारी किल्ला आहे, सतराव्या शतकात इमाम सुलतान बिन सैफने बांधलेला, भला मोठा गोल बुरूज. याच इमामाच्या फौजांनी १६५० मध्ये पोर्तुगीजांना मस्कतमधून हाकललं. पुढे तिथल्या आरमाराने दीव आणि वसईपर्यंत धाडी घातल्या. मालोजीराजे ज्या इंदापुरात लढताना पडले ते आपल्या शेजारचंच, म्हणून इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घोडदळ येतं. पोर्तुगीजांशी झगडणारे अरब आणि मराठे एकाच समुद्राच्या दोन काठांना होते, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही.

निझवाहून जबल अखदरवर चढायचं. साधी गाडी वर सोडत नाहीत, चारही चाकांना जोर असलेली लागते, चौकीवर तपासतात. वर सुमारे दोन हजार मीटरवर हवा थंड आणि पायऱ्यांच्या वावरांत डाळिंब. होय, डाळिंब! तुझ्या भगव्याने तेल्या रोगापायी दिलेला मनस्ताप तुला आठवेल, तरी त्या बागा बघच. मार्च-एप्रिलमध्ये गेलास तर गुलाब फुललेला असतो, आणि मातीच्या भट्ट्यांवर गुलाबपाणी काढायचं काम चालू असतं. त्या खोल्यांत धुराचा वास गुलाबापेक्षा जास्त असतो, आणि तिथल्या गुलाबपाण्यालाही तो धुरकट वास असतो. सुनंदाला कदाचित आवडणार नाही. मला फार आवडला.

दक्षिणेला सलालाला जायला वेगळं विमान करावं लागेल, खर्च वाढेल. पण एक सांगते. आपला जो नैऋत्य मोसमी वारा कोकणात कोसळतो आणि महाबळेश्वर ओलांडून आपल्याकडे येईपर्यंत रिकामा होतो, तोच वारा जून ते सप्टेंबर सलालाच्या डोंगरांना धडकतो. धो-धो नाही, नुसती भुरभुर आणि धुकं. तेवढ्यावर अरबस्तानातले डोंगर हिरवेगार होतात, गाई चरतात आणि आखातभरचे अरब पाऊस बघायला तिथं गर्दी करतात. त्याच डोंगरांच्या पाठीमागे, जिथं तो पाऊस पोचत नाही तिथं, लोबानाची झाडं. झाडाच्या सालीला छेद द्यायचा, चीक वाळू द्यायचा, मग खरवडून घ्यायचा. उत्तम प्रतीचा लोबान या कोरड्या बाजूचाच मानतात. आपल्या सातपुड्यातली सालई याच कुळातली. हजारो वर्षं त्या डिंकावर बंदरं चालली, त्यांचे अवशेष खोर रोरीला आहेत. आपणही पर्जन्यछायेतली माणसं, म्हणून मला ते झाड बघून बरं वाटलं. पण पावसाळ्यात जायचं म्हणजे तुझी डाळिंबाची कामं, तेव्हा या खेपेला सलाला राहू दे.

आता सुनंदाची काळजी. परका मुलूख, जेवणाचं काय, देवाचं काय. मस्कतमध्ये भारतीय इतके, की दुकानात हिंदीवर भागतं. शाकाहारी जेवण कोपऱ्या-कोपऱ्यावर. जुन्या मस्कतात राजवाड्याजवळ महादेवाचं देऊळ आहे, मोतीश्वर. कच्छी व्यापाऱ्यांची वस्ती तिथं पिढ्यान्‌पिढ्यांची. १९७० पर्यंत त्या देशात रुपया चालत होता, आखातासाठी आपल्या रिझर्व्ह बँकेने वेगळा छापलेला. आणि गादी सोडलेले सुलतान तैमूर १९६५ मध्ये वारले ते मुंबईत. सुनंदा ओटी भरताना जी खारीक घालते, त्या खारकेचं एक मोठं कूळ तिथलंच: मबसली जातीचा खजूर उन्हाळ्यात मोठाल्या भांड्यांत उकळायचा, उन्हात वाळवायचा आणि जहाजातून हिंदुस्थानात धाडायचा, हा ओमानचा जुना धंदा. तेव्हा फार परकं वाटून घेऊ नका.

सुलतान काबूस मशीद बघा. मुसलमान नसलेल्यांना सकाळी आठ ते अकरा आत सोडतात, शुक्रवारी नाही. सुनंदाने डोकं झाकायचं, हातपाय झाकलेले हवेत, तूही अर्ध्या चड्डीत जाऊ नकोस. त्या इमारतीला लागलेला वालुकाश्म भारतातून नेलेला आहे. मुत्रहचा बाजार मात्र मला निम्मा आपल्याच मालाने भरलेला वाटला, त्यात फार वेळ घालवू नका. कुणी खजूर-कहावा पुढे केला तर नाही म्हणू नका. पुरे झाला की रिकामा कप हलवून परत द्यायचा, नाहीतर तो ओततच राहतो. पक्षी बघायला लांब समुद्रकिनाऱ्यावर नेतो असं कुणी म्हणालं तर पैसे वाचव. रोहित बघायला तुला भिगवण आहे, कुंभारगावचा नावाडी आहे. समुद्रातली कासवं मात्र भिगवणला नाहीत. रास-अल-जिंझला रात्री वाळूत अंडी घालायला येणारी हिरवी कासवं वाटाड्याबरोबर जाऊन बघता येतात.

एकच गोष्ट ताकीद म्हणून सांगते. तिथल्या कोरड्या ओढ्यांना वादी म्हणतात. आभाळ भरलेलं असेल तर त्यांत गाडी घालायची नाही आणि मुक्काम तर मुळीच नाही. पाऊस डोंगरात पडतो आणि लोंढा तासाभरात खाली येतो. दरवर्षी माणसं जातात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली. पण तेव्हाच तुझी ऊसतोड असते, म्हणून तोडणीच्या टोळीची तारीख आधी पक्की कर आणि मग तिकीट काढ. रियाल दोनशे रुपयांच्या वर आहे, तेव्हा दुबईपेक्षा स्वस्त पडेल असं मी सांगणार नाही. मुंबईहून तीन तासांच्या आत पोचाल. मनीषा विमानतळावर येईल, गाडीचं ती बघेल. तू फक्त पासपोर्टची मुदत बघून मला कळव.

आणि हो, चारीवरच्या चार कारभाऱ्यांपैकी कुणी बरोबर येणार असेल तर त्याला जरूर आण. बिरकत-अल-मौजला तिघांत सारखं पाणी कसं फुटतं ते तू एकट्याने येऊन सांगितलंस तर कुणी ऐकायचं नाही.

सुनंदाला व पोरांना आशीर्वाद.

तुझी,
अक्का