अमरावती ते अकोला : पुस्तकाबाहेरचे सामान्यज्ञान

माझा भाचा स्पर्धा परीक्षेला बसतो. सामान्यज्ञानाचे पुस्तक त्याच्या उशाशीच असते. वॉटर्लूची लढाई, सतारीच्या तारा, पाण्याचे सूत्र, सारे तोंडपाठ. तरी दोनदा थोडक्यात हुकला आणि "मामा, आपल्यात ते डोकंच नाही," असे म्हणू लागला. ते शब्द मला लागले. दिवाळीच्या सुट्टीत त्याला आणि त्याच्या आईला घेऊन मी फिरायला निघालो.

पहिला पेपर इतिहासाचा, अमरावतीत. अंबादेवीच्या रस्त्यावर मी विचारले, "१३ नोव्हेंबर १९२७ ला या शहरात काय झाले?" भाचा गप्प. त्या दिवशी इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती. प्रश्न होता अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले करण्याचा. महाडच्या तळ्याला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. या लढ्यात डॉ. पंजाबराव देशमुखही होते. १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या.

दुसरा पेपर संगीताचा, गाडगेनगरात, गाडगेबाबांच्या समाधीपाशी. बाबा ना शाळा शिकलेले, ना गाण्याची तालीम घेतलेले. तरी त्यांच्या कीर्तनाला हजारो माणसे बसत. बाबा प्रश्न विचारीत, लोक उत्तर देत, आणि त्या सवाल-जवाबाचाच ताल धरला जाई. बाबासाहेबांनंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला.

मग एस.टी. धरली. बडनेरा, मूर्तिजापूर करीत सुमारे शंभर किलोमीटरवर अकोला. तिथे २० ऑक्टोबर १९६९ ला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. नाव त्याच पंजाबरावांचे. हा विज्ञानाचा पेपर. कपाशीच्या शेताजवळ मी भाच्याला विचारले, "संकरित बियाणे तयार कसे होते?" तो पुस्तकातली व्याख्या बोलला. पुढे अडला.

तेव्हा इतका वेळ मुकाट चाललेली बहीण बोलली, "हे तं मी हातानं केलं आहे, बापू. लोकाच्या वावरात." तिने रीतसर सांगितले. संध्याकाळी कळीतले पुंकेसर नखाने काढायचे, आतला केसर दुखवायचा नाही. कळीला खूण बांधायची. सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचे पराग त्या केसरावर लावायचे. असे एकेक फूल. त्या बोंडातली सरकी म्हणजे संकरित बियाणे. तेच पुढच्या वर्षी पेरले तर झाडे एकसारखी येत नाहीत, म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी नवे विकत घ्यावे लागते.

भाचा आईच्या बोटांकडे बघत राहिला. परतताना एस.टी.त त्याने पुस्तकाच्या कोऱ्या पानावर तिचे सारे बोलणे उतरवून घेतले.

वाचकहो, मुलांना पुस्तके जरूर आणून द्या. पण आपल्या गावाचा रस्ता आणि घरातल्या बाईचे हात, हेही त्यांना एकदा वाचायला लावा. आपल्यात डोके नाही, असे मग कोणतेही पोर म्हणणार नाही.