पुढची बाजू कुठली?

साप मेला की त्याची नाजूक कवटी सुटी होऊन विखुरते. टिकतात ते मणके, तेही एकेका सापाचे दोनशे-तीनशे. त्यामुळे जीवाश्म साप ओळखायचा तो बहुतेक वेळा मणक्यावरूनच, एवढं ऐकून मी प्रयोगशाळेत गेले. ट्रेमधले मणके मला सगळे सारखेच दिसले.

“पुढची बाजू कुठली?” मॅडमनी विचारलं. मला वरची कुठली तेही कळेना.

खळगा पुढे, गोळा मागे. एकाचा गोळा मागच्याच्या खळग्यात बसतो. पण हे घोरपडीतही असतं. सापाची खरी खूण वर असते. मज्जारज्जूच्या भोकावर, पुढच्या अंगाला पाचरीसारखा उंचवटा, म्हणजे झायगोस्फीन. मागच्या अंगाला तो अडकायची खाच, झायगँट्रम. मॅडमनी धामणीचे दोन मणके माझ्या हातात जोडून दिले. वर-खाली हलले, डावी-उजवीकडे वळले. पिळू गेले तर हटून बसले. (इग्वानातही असा सांधा असतो म्हणे. ती भानगड मी त्या दिवशी मुद्दाम बाजूला ठेवली.)

गुजरातेत ढोली डुंगरीला धनंजय मोहबे यांना डायनासोरच्या अंड्यांसोबत हाडं सापडली होती. ती पिल्लाचीच असावीत असं वाटत होतं. २००१ मध्ये जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला आणि त्यांना त्यात हाच सांधा दिसला! घरट्यात वेटोळं घालून बसलेला साडेतीन मीटरचा तो साप २०१० साली ‘सानाजेह इंडिकस’ म्हणून जाहीर झाला.

सांध्यावरून मणका सापाचा आहे एवढं कळलं, पण कुठल्या सापाचा? इथे माझं डोकं गरगरलं. नाग, घोणस यांच्या धडातल्या मणक्यांना पोटाकडून खाली काटा असतो, अगदी शेवटपर्यंत. धामणीला तो फक्त मानेकडच्या मणक्यांना. म्हणजे सुट्या मणक्याला काटा दिसला, तरी आधी तो अंगातल्या कुठल्या भागातला हे ठरवायचं, मग साप. आणि भाग ठरवायचा तोही त्याच मणक्यावरून!

मॅडत्सोइडी या नामशेष कुळात झायगँट्रमच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं असतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची ‘मॅडत्सोइया पिसदुरेन्सिस’ ही २०११ मध्ये नोंदलेली जाती त्यातलीच. मी भिंगाखाली छिद्रं शोधू लागले. चारपाच दिसली.

“आधी सुईने माती काढ,” मॅडम म्हणाल्या, “मग मोज.”