आईची पदांची वही

अकोला

ती. मावशीस,


तू अमरावतीहून पाठवलेली आईची वही काल पोचली. ‘एकच प्याला’ नाटकाची पदं तिच्या हातची. नाटकातली सिंधू जात्यावर बसते, त्या पदाच्या पानावर तेलाचं बोट उमटलंय आणि समासात लिहिलंय, ‘हळू’. मी कितीतरी वेळ तेच पान उघडं ठेवून बसले.

तूरडाळ निवडताना आई हेच पद गायची. फाटकाची कडी वाजली की सूर तिथंच तुटायचा. बाबांची पावलं कशी पडताहेत ते ती ऐकायची आणि सूप उचलून आत जायची. कोणी विचारलं तर आम्ही सांगायचं, ‘बाबांना बरं नाही.’ मावशी, ते खोटं नव्हतं गं. दारूच्या व्यसनापायी मनाची जी अवस्था होते, ती २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आजारातच धरली आहे. आईला मात्र हे कोणी सांगितलं नाही. तिला सगळ्यांनी सोसायलाच सांगितलं.

दारूचा विषय ‘एकच प्याला’च्या आधीच आपल्या वऱ्हाडातल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘मूकनायक’ नाटकात घेतला होता. ते वकील, आणि त्यांना गुरू मानणाऱ्या गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’त रंगवलेला सिंधूचा नवरा सुधाकर, तोही वकीलच. दारू माणसाला पायरीपायरीनं कशी गिळते, हे सुधाकर किती नेमकं सांगतो! पण ते सारं गद्यात. घर तेवढं पदांत आलंय: दळण, अंगाई, देवाची आळवणी. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला गेले आणि त्याच वर्षी नाटक रंगभूमीवर आलं. बालगंधर्व ठिगळाच्या लुगड्यात सिंधू म्हणून उभे राहिले. सुधाकराला आपल्या आजाराबद्दल इतकं बोलता येतं, आणि सिंधूला रागाचं एकही पद नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तरी आईला दिवसभरात स्वतःची म्हणून गाण्याची तेवढीच जागा होती. म्हणून ही पदं मला टाकवत नाहीत.

आई कधी चिडल्याचं मला आठवत नाही. तुझ्यापाशी चिडायची का? काही बोलली असेल तर आता लपवू नकोस.

रविवारी येते. पेटी काढून ठेव. जात्यावरच्या त्या पदाची अंतऱ्यापुढची चाल मला येत नाही. आईच्या तोंडून ती कधी ऐकायलाच मिळाली नाही. तू शिकव.

तुझी,
धाकटी