पोथीतली राणी

आमच्या आजीच्या नित्यपाठाच्या पोथीत खुणेसाठी एक रेशमी पट्टी असे. जेमतेम दोन बोटे रुंद, वीतभर लांब, खाली गोंडा. वर विक्टोरिया राणीची छबी आणि तिच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे झाल्याचे, म्हणजे १८८७ चे, स्मरण. पणजोबांनी ती मुंबईहून नांदेडास आणलेली. सोवळ्यातल्या पोथीत इंग्रजांची राणी कशी चालते, असे आम्ही लहानपणी विचारले असता, "रेशीम आहे रे, त्याला विटाळ नाही," एवढेच उत्तर मिळाले. शास्त्रार्थ तेथेच संपला!

ती छबी छापील नसून मागावर विणलेली आहे, हे आम्हांस पुष्कळ उशिरा उमगले. १८६० साली इंग्लंडने फ्रेंच रेशमावरील जकात उठविली आणि कॉव्हेन्ट्री गावचा रेशमी फितींचा धंदा बसला. तेव्हा टॉमस स्टीव्हन्स नावाच्या कारखानदाराने १८६२ च्या सुमारास जाकार्ड मागावर अशा सचित्र खुणा विणावयास घेतल्या. १८७९ च्या यॉर्क प्रदर्शनात तर लोकांच्या डोळ्यांदेखत चित्रे विणून विकली. या मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. जेथे भोक, तेथे ताण्याचा धागा उचलला जातो. खुद्द जाकार्डची रेशमी तसबीर लियाँ येथे १८३९ साली विणली गेली, तिला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले!

आपल्या हातमागाच्या पैठणीस पुठ्ठा नाही. पदरावरचा मोर विणकर धागे मोजून, रंगारंगाच्या तिल्ल्या हाताने फिरवून भरतो. म्हणून तो दोन्ही अंगांनी सारखा. राणीच्या पाठीस मात्र नुसते मोकळे धागे.

आजीमागे ती पट्टी आमच्याकडे आली. लातुरास घर केल्यावर आम्ही ती काचेत बसवून पूर्वेच्या खिडकीसमोर टांगली. आल्यागेल्यास जाकार्डवरील व्याख्यानही ऐकवीत असू. मास्तरकीची खोड, दुसरे काय! पुढे एकदा काच तडकली म्हणून चौकट उघडली, तो काय! दर्शनी राणी ताकासारखी पांढुरकी, आणि पाठीच्या धाग्यांत किरमिजी व निळा रंग जसाच्या तसा. रोज समोर बसूनही हे आमच्या ध्यानी आले नव्हते.

"मामंजी, नव्या काचेत कोणती बाजू वर ठेवू?" सूनबाईंनी विचारले.

आम्ही पोथी मागवली. जुन्या पानावर तिच्या मापाचा पुसट डाग अजून होता. तेथेच ती ठेवली.