बत्ती गुल, नेट फुल!

पुणेकरांना गुरुवारचं महत्त्व वेगळं सांगायला नको. दत्ताचा वार आणि महावितरणच्या मेंटेनन्सचाही! मुंबईकरांनी हसू नये. १२ ऑक्टोबर २०२०च्या सोमवारी ग्रिड बसलं, तेव्हा लोकलसकट अख्खी मुंबई थांबली होती. आता तर अनेकांचं घरच ऑफिस झालंय. लॅपटॉपला बॅटरी आहे, मोबाइलला आहे... आणि या सगळ्यांचा जीव ज्याच्यात अडकलाय, त्या राउटरला मात्र नाही. पंखा बंद पडला तर घाम येतो, राउटर बंद पडला तर बॉसचा फोन येतो!

माझ्या रूममेटच्या इंटरव्ह्यूचा शेवटचा राउंड ऑनलाइन होता. वार? अर्थातच गुरुवार. आदल्या संध्याकाळी तिने राउटरसाठी मिनी यूपीएस आणला आणि ती पिन खुपसणार, एवढ्यात मी म्हटलं, "अगं, आधी ॲडॉप्टर उलटा करून बघ ना!"

त्या ॲडॉप्टरवरचे बारीक आकडे आपल्यापैकी किती जण वाचतात? सगळी गंमत तिथेच आहे. आमच्या राउटरला हवे होते ९ व्होल्ट. यूपीएसमधून ९ आणि १२ अशा दोन्ही वायरी निघत होत्या आणि १२ची पिनही राउटरमध्ये छान बसत होती. पण पिन बसली म्हणजे पत्रिका जुळली असं नसतं! व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत; जास्त दिले तर राउटर कायमचा झोपू शकतो. अँपिअर मात्र थोडे जास्त असले तरी चालतात, कारण राउटर हवे तेवढेच घेतो. कमी नकोत. आणि पिनेच्या चित्रात मधला ठिपका प्लसचा आहे की मायनसचा, तेही दोन्हीकडे सारखंच हवं.

दुसरी गोष्ट, फायबरचा डबा वेगळा असेल, तर त्यालाही बॅकअप लागतो. आमचा होता. राउटर जिवंत आणि डबा मेलेला, तर वाय-फायच्या कांड्या फुल दिसतात आणि नेट शून्य! जिन्यातही केबलवाल्याचा स्विच असेल, तर त्याला बॅकअप आहे का, हे त्यालाच विचारा.

किती वेळ चालेल? यूपीएसवरचे वॉट-अवर बघा. ३० वॉट-अवरवर ८ वॉट खाणारा राउटर साधारण तीन तास निघतो. आत लिथियम बॅटरी असते, तेव्हा तो पडद्यामागे कोंबू नका, राउटरच्या डोक्यावर ठेवू नका. फुगलेला दिसला तर सरळ ई-कचऱ्यात.

आणि हो, ट्रायल गुरुवारी नाही, रविवारी घ्यायची. चहाचा कप हातात, भिंतीवरचं बटण बंद. नेट चालू राहिलं, तर पुढच्या गुरुवारी टेन्शन फक्त पंख्याचं!