तिसऱ्या सिलिंडरचा पंचनामा

मोडलेली वस्तू इंजिनाच्या पोटातून बाहेर काढणे हे केवळ हातच्या कसबाचे काम आहे, असा जो सार्वत्रिक समज आहे, तो अर्धाच खरा आहे. चिमटा, चुंबक, वाकवलेली तार ही साधने आपापल्या जागी योग्यच. परंतु त्या वस्तूचे तुकडे किती झाले, त्यांपैकी हाती कोणते आले आणि उरलेले कोणत्या वाटेने कोठे गेले असतील, याचा चोख हिशेब ज्याला मांडता येत नाही, त्याच्या हाताला कितीही सफाई असो, त्याने जुळवलेल्या इंजिनावर मी भरवसा ठेवणार नाही.

१९७९ साली इराणातील क्रांतीमुळे आणि त्याच वर्षाअखेर अफगाणिस्तानात पेटलेल्या युद्धामुळे युरोपातून येणारा खुष्कीचा मार्ग बंद झाला. तत्पूर्वी इस्तंबूल, तेहरान, काबूल, खैबरखिंड असा मुलूख तुडवीत हणजूण-कळंगुटच्या किनाऱ्यावर येऊन विसावणाऱ्या फोक्सवागन गाड्या अधूनमधून आमच्या म्हापशाच्या कारखान्यात येत. त्यांतल्या काहींना जर्मनीतील वेस्टफालिया कंपनीने बिछाना, कपाट आणि शेगडी बसवून फिरत्या बिऱ्हाडाचे स्वरूप दिलेले असे. इंजिन मात्र बहुतेकांचे एकाच जातीचे, पाठीमागे बसवलेले, पाण्यावाचून केवळ वाऱ्याने थंड होणारे, दोहोंसमोर दोन अशी चार सिलिंडरे आडवी निजवलेले. या चारांत तिसऱ्याच्या नशिबी उष्णता अधिक. कारण १९७१ च्या सुमारास रचना बदलेपर्यंत ऑइल थंड करणारा कूलर पंख्याच्या पत्र्याच्या आवरणात नेमका त्याच्या वाटेवर उभा असे आणि ऑइलने तापलेला वारा तेवढा त्याच्या वाट्यास येई.

या छळाचा परिणाम निकासाच्या व्हॉल्व्हवर होतो. टॅपेटची फट इंजिन थंड असताना ०.१५ मिलिमीटर असावी लागते. ती दर तपासणीच्या वेळी तिसऱ्याच्या निकासापाशीच पुनःपुन्हा आवळलेली आढळू लागली, तर व्हॉल्व्हचा दांडा ताणला जात आहे किंवा त्याची बैठक खचत आहे, असे समजून हेड उतरवावे, हा शहाणपणाचा मार्ग. परंतु ज्याला हिमवर्षावापूर्वी अनातोलिया ओलांडायचे आहे, तो फिलर गेज हाती घेतो कशाला? मग एके दिवशी व्हॉल्व्हची चकती दांड्यापासून तुटून पिस्टनवर पडते, आणि इंजिन थांबेपर्यंतच्या काही क्षणांत पिस्टन व हेड यांच्यामध्ये तिची अशी कुटाई होते की, तिचे मूळ रूप ओळखण्यासही अनुभवाची नजर लागावी.

इंजिन खाली उतरवणे त्या मानाने सोपे. गिअरबॉक्सला धरून ठेवणारे चार बोल्ट काढले की ते जॅकवर खाली येते. हेड निघाल्यावर प्रत्येक सिलिंडरचे बॅरल स्वतंत्रपणे ओढून काढता येते. चकती बहुधा पिस्टनच्या माथ्यात रुतलेली सापडते, आणि ती उचकटून हातात घेताच गाडीच्या मालकाला काम संपल्याचा आनंद होतो. खरे काम तेथून पुढे सुरू होते. माथ्याला भोक पडलेले असेल, तर त्या भोकातला ऐवज खाली क्रँककेसमध्ये गेलेला असतो, आणि तेथे नवशिक्यांचे लाडके साधन, म्हणजे चुंबक, फारसे उपयोगी पडत नाही. रिंगचे तुकडे बिडाचे असल्यामुळे त्याला चिकटतात; परंतु पिस्टन ॲल्युमिनियमचा, त्याला चुंबकाशी कर्तव्य नाही; निकासाच्या व्हॉल्व्हचे पोलादही कित्येकदा अशा मिश्रणाचे असते की ते चुंबकाला दाद देत नाही. रिकामे चुंबक वर आले म्हणजे पोटात काही उरले नाही, असे मानणे हा आमच्या धंद्यातला सर्वांत महागडा गैरसमज होय.

म्हणून मी तळाच्या झाकणाचे सहा नट सोडून जाळी बाहेर घेत असे, वरून रॉकेल ओतून ते मलमलीच्या फडक्यातून गाळीत असे, आणि फडक्यावर उरलेला प्रत्येक कण भिंगाखाली पाहत असे. या इंजिनाला कागदी फिल्टर नाही, तारेची जाळी तेवढी आहे. तिच्यातून निसटलेला बारीक चुरा पंपामार्गे थेट बेअरिंगांपर्यंत पोहोचतो. मग फुटलेली बशी जुळवावी त्याप्रमाणे पिस्टनचे तुकडे ग्रीसच्या आधाराने बाकावर जुळवीत असे. जेथे रिता कोपरा उरे, तेथे तपासाची दुसरी दिशा सुरू होई.

ही दिशा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तुकडा खालीच गेला पाहिजे, असा काही कायदा नाही. निकासाच्या तोंडातून तो सायलेन्सरकडे फेकला जाऊ शकतो. त्याहून घातक म्हणजे आवकीच्या नळीत उलटा उडून तो शेजाऱ्याकडे जातो, कारण तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरांना हवा-पेट्रोल पुरवणारा नळ एकच. नवा पिस्टन, नवे हेड बसवून गाडी रवाना करावी, आणि नळात दडलेल्या त्या वाटाण्याएवढ्या तुकड्याने थोड्याच अंतरावर चौथ्याचाही घात करावा, ही गोष्ट काल्पनिक नव्हे. म्हणून तिन्ही वाटा धुंडाळल्यावरही कोपरा रिताच राहिला, तर क्रँककेसचे दोन भाग अलग करावेत, असे माझे ठाम मत होते आणि आजही आहे.

यावरून मालकांशी वाद होत. त्यांतल्या पुष्कळांजवळ जॉन म्यूर या अमेरिकी गृहस्थांचे १९६९ साली निघालेले, गमतीदार चित्रांनी भरलेले फोक्सवागन-दुरुस्तीचे पुस्तक असे, आणि चहा घेता घेता ते त्यातली पाने मला उघडून दाखवीत. पुस्तक उत्तम होते. मी स्वतः त्यातून पुष्कळ शिकलो. परंतु पिस्टन विमानटपालाने येईपर्यंत ज्या माणसाला किनाऱ्यावर बसून राहायचेच होते, त्याने आणखी दोन दिवसांच्या शोधाची मजुरी का देऊ नये, हे मला उमगत नसे. नवीन सामान डोळ्यांना दिसते. शोध दिसत नाही आणि बिलात त्याची रक्कम तेवढी उठून दिसते. शेवटी मी एक रिवाज पाडला. बिल हातात देण्याआधी मालकाला बाकापाशी बोलवायचे, जुळवलेला पिस्टन त्याच्यापुढे ठेवायचा, आणि कोणता तुकडा तळाच्या जाळीत, कोणता सायलेन्सरमध्ये आणि कोणता चौथ्याच्या वाटेवर मिळाला, हे एकेका तुकड्यावर बोट ठेवून सांगायचे. त्यानंतर मजुरीवरून घासाघीस फारशी होत नसे.