मदतीला आलेली माणसं

समाजसेवा हा विषय आम्हाला बी.कॉम.ला नव्हता. अकाउंटन्सी होती, ऑडिटिंग होतं, मर्कंटाइल लॉ होता. पण दुसऱ्याचं काम फुकट कसं करावं यावर पाच मार्कांचा प्रश्नसुद्धा कधी आला नाही. त्यामुळे हॉलंडहून एक मुलगी पदरच्या पैशांनी विमानाचं तिकीट काढून, शिवाय तिला धाडणाऱ्या तिकडच्या मंडळींना फी भरून, मासवणच्या बचत गटात तीन आठवडे काम करायला आली आहे, हे ऐकल्यावर माझ्यातला कारकून हबकला. काम आपणच करायचं आणि पैसेही आपणच द्यायचे! ही रक्कम जमेला लिहायची की नावे टाकायची, हे मला अजून सुटलेलं नाही.

या प्रकरणात मी ओढला गेलो तो भाषेमुळे. गटाचं खातं आमच्या शाखेत. दिवाळीच्या आठवडाभर आधी अध्यक्षबाई काउंटरवर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, ती ताई दिवसभर बोलते, आम्ही दिवसभर हसतो. तुम्ही बँकेत इंग्रजी लिहिता ना? चला जरा." आता बँकेत आम्ही इंग्रजी लिहितो हे खरं, पण ते 'आपल्या पत्राच्या संदर्भात कळविण्यात येते की' या जातीचं. त्या इंग्रजीत कोणाला जेवलीस का म्हणून विचारता येत नाही. तरी रजा शिल्लक होती आणि घरी फराळाच्या कारखान्यात माझी गणना कच्च्या मालातही नव्हती. गेलो.

पालघरहून मनोरच्या रस्त्याला लागलं की सूर्या नदीच्या काठी मासवण लागतं. इथलं पाणी पंपानं उपसून वसई-विरारला जातं. विरारात सकाळी दाढी करणाऱ्या माणसाला मासवण कुठे आहे हे ठाऊक नसतं. मासवणच्या माणसाला मात्र आपलं पाणी कुठे जातं हे चांगलं ठाऊक असतं.

गटात बाया बारा. धंदा बांबूच्या आकाशकंदिलांचा. बांबूविषयी एक ज्ञानकण जाता जाता देतो. हे मुळात गवत. पण 1927 च्या वन कायद्यानं त्याला झाड ठरवलं आणि 2017 साली, तब्बल नव्वद वर्षांनी, जंगलाबाहेरच्या बांबूपुरती ती दुरुस्ती झाली. आमच्या बँकेत एवढ्याशा दुरुस्तीला नव्वद वर्षं लागत नाहीत. फार तर साठ.

पाहुणी मनानं फार चांगली. तिनं येताना रंगीत कागद आणि चिकटपट्ट्या आणल्या होत्या आणि 'एम्पॉवरमेंट' नावाचा तीन दिवसांचा कार्यक्रम आखून आणला होता. मी त्याचं 'सक्षमीकरण' असं शुद्ध भाषांतर केलं. अध्यक्षबाईंनी गंभीरपणे विचारलं, "ते कधी मिळणार? त्याचा फॉर्म भरायला लागतो का?" मी हे तिला इंग्रजीत सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की कार्यक्रमाचा कागद तिनं घडी करून पिशवीत टाकला तो टाकलाच. मग बायांनी तिला कामट्या तासायला बसवलं. मला दोरा ओवायला दिला. दोन तासांनी माझा दोरा काढून घेतला आणि वही दिली. "भाऊ, तुम्ही लिहा. तुमचा हात त्यालाच बसलाय."

वसुबारस आली. मी पाहुणीला ऐटीत समजावलं, आज आम्ही गायवासराची पूजा करतो. तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "आमची वाघबारस." वारल्यांकडे त्याच दिवशी वाघोबाला पुजतात. पाहुणी वही उघडून बसली: गाय की वाघ? कॉमर्सच्या माणसाला यात अवघड काही नाही. एक आपली मालमत्ता आणि दुसरा तिच्यावरचा जोखमीचा धनी. रानाजवळ राहणारा माणूस आधी जोखमीशी जमवून घेतो. हे मला इंग्रजीत सांगता आलं असतं तर माझं नाव झालं असतं. मी "बोथ" म्हणून मोकळा झालो.

तशी या पट्ट्याला बाहेरून येणारी माणसं नवीन नाहीत. ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या, आणि 1957 मध्ये दोघी कोसबाडला गेल्या. पोरं शाळेत येईनात, तर शाळा पोरांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणात नेली. त्याच 1945 सालात गोदावरी परुळेकर वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध पाड्यापाड्यांतून हिंडत होत्या. परतीचं तिकीट काढून आलेलं त्यांच्यात कोणी नव्हतं. पण म्हणून तीन आठवड्यांच्या माणसाला हसावं असंही नाही. सहा दिवसांच्या रजेवर गेलेल्या माणसानं तर मुळीच नाही.

संध्याकाळी गटाची बैठक भरली. वेठ गेली, पण दिवाळीच्या तोंडावर वीटभट्टीचा मुकादम पाड्यावर येतोच. तो उचल देतो. सणाला हातात रोकडा येतो आणि सण संपला की आख्खं बिऱ्हाड टेंपोत बसून भट्टीवर जातं ते पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. पोरांची शाळा तिथेच थांबते. गटातल्या एका बाईच्या नवऱ्याला उद्या रात्री पंधरा हजारांची उचल मिळणार होती. सावकाराचं देणं होतं. तिची मुलगी सातवीत. तिनं गटाकडे पंधरा हजार मागितले. बोलताना ती जमिनीकडे बघत होती आणि हातानं कामटी तासत होती.

दुसरा अर्ज एका आजीचा होता, घराच्या कौलांसाठी सहा हजार. आजी म्हणाल्या, "माझं कौल पावसाआधी लागंल तरी चालंल. तिचं उद्याचं आहे." अर्ज मागे घेतला. आमच्या बँकेत कर्जाचा अर्ज इतक्या लवकर निकालात निघाल्याचं मला आठवत नाही.

मग मला हिशेब विचारला. पेटीत नऊ हजार तीनशे. दोनशे वीस रुपयांना एक याप्रमाणे एक्केचाळीस कंदील विकले गेले होते, त्याचे नऊ हजार वीस. त्यातून बांबूवाल्याचे सात हजार द्यायचे. उरले अकरा हजार तीनशे वीस. कमी पडले तीन हजार सहाशे ऐंशी.

"म्हंजे किती कंदील?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"सतरा."

मी बावीस वर्षं आकडे लिहितो आहे. कोट्यवधींचे लिहिले. सतरा या आकड्याकडे बारा बाया जशा बघत राहिल्या तसं माझ्या कुठल्याच आकड्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. पालघर स्टेशनबाहेर आम्ही दुपारीच पथारी पसरली. 2013 पासून लोकल डहाणूपर्यंत जाते, त्यामुळे गर्दीला तोटा नाही. पाहुणी कंदील उंच धरून उभी राहिली आणि बायांनी पढवलेलं एकच वाक्य ओरडू लागली: "हातानं केलेला, पाण्यात नका घालू!" या जाहिरातीचा अर्थ कोणाला लागला नाही, पण माणसं थांबली. थांबलेल्यांपैकी निम्म्यांनी तिच्याबरोबर फोटो काढला आणि फोटो काढणाऱ्याला कंदील घेतल्याशिवाय सोडायचं नाही हे काम अध्यक्षबाईंनी स्वतःकडे घेतलं.

मी वहीत रेघा ओढत होतो. आठ. अकरा. चौदाला तासभर अडकलो. संध्याकाळी सात वाजता सोळा. सतरावं गिऱ्हाईक चष्मेवाले, हातात ब्रीफकेस, चेहऱ्यावरून माझ्याच जातीचे, म्हणजे कारकून. म्हणाले, "दोनशेला द्या."

"दोनशे वीस," ती बाई म्हणाली. जिला पैसे हवे होते तीच.

मी तिच्याकडे बघितलं. वीस रुपये माझ्या खिशात होते. तिनं मान हलवली. गृहस्थ स्टेशनात गेले. मी कंदिलांची मोजदाद करण्याचं नाटक करत राहिलो. पाचेक मिनिटांनी गृहस्थ परत आले. गाडीला अवकाश होता. दोनशे वीस मोजून दिले, कंदील फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "काम चांगलं आहे हो."

मी रेघ ओढली. कोणी काही बोललं नाही. मग अठरावं गिऱ्हाईक आलं आणि पुन्हा सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

रात्री परतल्यावर पैसे दिले, अंगठा नाही, तिनं सही केली. शेकडा दोन व्याज, हप्ता महिन्याचा. मुकादम आला, बसला, चहा प्याला, दुसऱ्या घरी गेला. दुसऱ्या घरी त्याचं काम झालं.

पाहुणी निघाली तेव्हा बायांनी तिला काकडी घालून पानात उकडलेले तांदळाचे पानोळे बांधून दिले आणि बजावलं, "कंदील काय, कोणीबी करील. पुढच्या खेपेला आवणीला ये." आवणी म्हणजे काय ते मी सांगितलं: पावसात, गुडघाभर चिखलात, दिवसभर कमरेत वाकून भाताची रोपं लावायची. तिनं ते वहीत लिहून घेतलं आणि मला हळूच विचारलं, त्याची फी किती पडेल?

मी भाषांतर केलं. अध्यक्षबाई विचारात पडल्या.

"फी नको म्हणावं," त्या म्हणाल्या, "पण इरलं तिचं तिनं आणायचं."